दोन आष्ट्या

“मावशी, पैसे पुन्हा वापस आले,” खिडकीतून कारकून बद्रीनाथ म्हणाला. “बँकवाले म्हणतेत, खातंच न्हाई.”

गिरिजाबाईंनी पासबुक काढून त्याच्यापुढं आपटलं. “खातं न्हाई, तर ही काय भाकर हाय का?”

नवीन जालन्यातल्या या बियाणे कंपनीत त्यांनी अठरा वर्षं बी निवडलं होतं. नोकरी सोडून आष्टीला लेकाकडे गेल्या, तेव्हा कंपनीकडून एकतीस हजार मिळायचे होते. तीनदा पाठवले, तीनदा परतले. बँक म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे बँकेला. तिकडं नात कौसल्याला नर्सिंगला नंबर लागलेला, आणि फी भरायला शनिवारपर्यंतची मुदत. आज गुरुवार.

“बँकेत इचारा, मावशी.”

“इचारून आले. आता तू कागद दाव. कुठं धाडले ते पाहू दे.”

“तुमाला काय कळंल त्यातलं?”

“दाव तर!”

बद्रीनाथनं कागद सरकवला. गिरिजाबाईंना अक्षरओळख झाली ती पन्नाशीत, साक्षरता वर्गात. आकडे अजून बोट ठेवूनच वाचायच्या. मागच्या खेपेला आष्टीच्या बँकेचा शिपाई धर्मराज यानं पासबुकावरचा कोड समजावून दिला होता. पहिली चार अक्षरं बँकेची. मग एक शून्य, ते सगळ्यांनाच. पुढचे सहा आकडे शाखेचे. “मशीन गावाचं नाव वाचत न्हाई, आजी. आकडे म्हणतील तिकडं पैसा जातो,” असं तो म्हणाला होता.

एक बोट पासबुकावर, एक कागदावर.

“अक्षरं बराबर. शून्य बराबर. हे सहा माझे न्हाईत.”

“आष्टीचेच हायेत की!” बद्रीनाथनं छापील यादी ओढून आष्टीवर बोट ठेवलं.

“जिल्हा वाच.”

“बीड.”

“माझी आष्टी जालन्याची, परतूर तालुक्यातली. तीन बार बीडला धाडले व्हय रे?”

“यादीत आधी हीच आष्टी व्हती...” तो पुटपुटला. “आता बराबर टाकतो. पण साहेबाची सही लागंल, साहेब गेलेत दौऱ्यावर. आठ-दहा दिवस धरा.”

“शनिवार शेवटचा हाय, बाबा.”

“माझ्या हातात न्हाई, मावशी.”

“चुकायचं तेवढं व्हतं तुझ्या हातात!”

तो मान खाली घालून नवा अर्ज भरू लागला. गिरिजाबाईंनी सहाही आकडे मोठ्यानं वाचायला लावले, दोनदा. मग सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

शनिवार गेला. लेकानं कॉलेजला फोन केला, तर जागा दुसऱ्या मुलीला दिली म्हणाले.

पैसे अकराव्या दिवशी आले. धर्मराजनं पासबुक छापून आणलं. “आले बघा, आजी! आता पेढे द्या.”

गिरिजाबाईंनी पासबुक घेतलं. बँकेतून निघाल्या त्या थेट शिवारात. संकरित बियाण्यासाठी कपाशीचं क्रॉसिंग चालतं त्या प्लॉटवर बायकांच्या रांगेत कौसल्या कळ्या सोलत होती. मागच्या सोमवारपासून लागली होती रोजंदारीवर.

“आले का?” तिनं वर न पाहताच विचारलं.

“आले.”

कौसल्यानं आणखी एक कळी सोलली. नखं हिरवी झाली होती.

“पुढल्या साली जाशील.”

“हं.”

गिरिजाबाईंनी पासबुक कमरेला खोवलं, पदर खोचला आणि तिच्या शेजारची सरी धरली.