सतराव्या मजल्यावरची धुरी

माझा आमोद सात महिन्यांचा आहे आणि मंगळवारपासून खोकतोय. बातमी एवढीच होती. ती सासूबाईंनी आमच्या बी विंगच्या ग्रुपवर टाकली आणि दुपारपर्यंत तेवीस उपाय आले. वेखंड, लसणाची माळ, छातीला गरम तेल. एका काकांनी त्यांच्या लॅब्रेडोरला लागू पडलेलं सिरप सुचवलं. सोबत बाटलीचा फोटो.

मी पोराला उचललं आणि डॉक्टरांकडे नेलं. पूर्णिमा मॅडमनी त्याचं झबलं वर करून श्वास बघितला, छाती तपासली, कान बघितले.

"साधी सर्दी आहे. अंगावर पाजत राहा. नाक चोंदलं तर हे सलाईनचे थेंब. खोकल्याचं औषध नाही, मध नाही, धूर नाही. दोन-तीन आठवडे खोकेल. खोकू द्या, कफ असाच सुटतो."

"आणि घाबरायचं कधी?"

"तो शांत असताना श्वास मोजा. पूर्ण मिनिट. पन्नास किंवा वर गेले, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, पिणं सोडलं, ओठ निळसर दिसले, तर सरळ हॉस्पिटल. मला फोन करण्यातही वेळ घालवू नका."

घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवी उलटी करून झटकली.

"दवाई कुठं हाय वो?"

"नाही दिली. नाकाचे थेंब आहेत."

"दवाई नाही देत, मंग डॉक्टर कायची? सौरभले असाच खोकला झाला होता, तं तीन बाटल्या पाजल्या होत्या आम्ही."

"म्हणूनच तो असा झालाय."

सौरभ, माझा नवरा, तेव्हा मीटिंगमध्ये म्यूटवर होता. लग्न झाल्यापासून तो बहुतेक म्यूटवरच असतो.

मग सासूबाईंनी भंडाऱ्याहून आणलेली जंगली मधाची बाटली काढली. मी ती हातातून घेऊन फ्रीजवर ठेवली.

"आई, वर्षाच्या आत मध नाही. त्यातल्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं."

"सौरभले तं जन्मल्याबरोबर चाटवला होता!"

"वाचला तो. नशीब त्याचं. मी आमोदला नशिबावर नाही वाढवणार."

सासूबाई उठून ओवा निवडायला बसल्या. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी माझा ऑफिसचा कॉल होता. दहा मिनिटांचा. आमोदला अंघोळ घालायला शेजारच्या माण गावच्या मालनबाई येतात. त्यांचं आणि सासूबाईंचं आधीच ठरलेलं होतं. शेगडीत निखारे, वर ओवा, वावडिंग आणि धूप, त्यावर बाळाला शेकायचं. अडचण एकच होती, घरात पेटवलं तर मला वास येणार. म्हणून या दोन हुशार बायकांनी शेगडी बाहेर, आमच्या सतराव्या मजल्याच्या लॉबीत नेली. लिफ्टसमोर. बरोबर स्मोक डिटेक्टरच्या खाली.

मालनबाईंनी ओव्याची मूठ टाकली आणि सतरा मजले किंचाळले.

"प्लीज इव्हॅक्युएट," भिंत इंग्रजीत बोलायला लागली. मी लॅपटॉप टाकून धावले. सासूबाई टॉवेलात गुंडाळलेला आमोद घेऊन दारातच उभ्या होत्या. मी त्याला हिसकावून घेतलं आणि जिन्याला लागले.

मागून मालनबाईंचा आवाज आला, "आवं ताई, थांबा की! धूर आत्ता कुठं धरलाय!"

तेवढ्यात वॉचमन कोंडीराम पोचला. त्याचं आग विझवायचं ट्रेनिंग गेल्याच महिन्यात झालं होतं आणि तेव्हापासून तो आगीची वाट बघत होता. त्याने सिलिंडर पूर्ण रिकामा केला. शेगडीवर, मालनबाईंवर आणि चपलांच्या चार रॅकवर.

खाली पार्किंगमध्ये अख्खी बी विंग जमली. कुणी टॉवेलवर, कुणी अर्ध्या दाढीत. जिन्यातून खाली आलेल्या पांढऱ्या पावडरीने आणि धुराने सगळे खोकत होते. आमोद सोडून. तो कोंडीरामची शिट्टी बघत होता.

चेअरमन दत्तप्रसाद पुढे आले. "अहो, आपण लॉबीत होम केलात. आमंत्रण तरी द्यायचं."

"धुरी होती ती," एक बाई म्हणाल्या. "बाळ खोकतंय ना हो. माझ्याकडे सिरप आहे, दोन थेंब द्या."

"मला द्या बाळ, मी पाठ चोळते."

चार हात पुढे आले. आणि पाचवा सासूबाईंचा. सतरा मजले उतरताना त्यांनी घरातून एकच वस्तू वाचवून आणली होती. मधाची बाटली. त्यांचं बोट त्यात बुडालेलंच होतं.

मी बाटली घेतली. "कोणाकोणाला खोकला झालाय? हात वर करा."

पंधरा-वीस हात वर गेले.

"सगळे वर्षाच्या वर आहात ना? शुगरवाले मागे थांबा. बाकीच्यांनी तोंड उघडा."

आणि मी टोपणाने मध वाटला. चेअरमनसाहेबांपासून. सासूबाई म्हणाल्या, "अवो, माहा मध!" तर एक टोपण त्यांच्याही तोंडात. बाटली संपली.

"आता एक मिनिट सगळे गप्प. श्वास मोजायचेत."

बी विंग गप्प बसली. पहिल्यांदाच. मी आमोदचं पोट उघडं केलं आणि मोबाईलवर टायमर लावला. सासूबाई वाकून माझ्यासोबत ओठांनी मोजत होत्या.

"अडतीस," त्याच आधी म्हणाल्या. "म्हंजे बरं हाय?"

"बरं आहे. बरगड्याही बघा, खड्डा नाही."

त्यांनी बघितलं. आजवर सगळ्यांना उपाय विचारले होते त्यांनी, पोराच्या बरगड्या मात्र आज पहिल्यांदा बघत होत्या.

"ते ठीक," चेअरमन ओठ चाटत म्हणाले, "पण सोसायटीला लेखी माफीनामा हवा."

मी कोंडीरामच्या रजिस्टरमधलं पान मागितलं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं: लॉबीत शेगडी पेटवली, ही आमच्या घराची चूक, माफ करा. बाळाला मध, सिरप आणि धूर दिला नाही, देणार नाही, आणि त्याबद्दल पुन्हा कोणी विचारू नये.

चेअरमननी दोनदा वाचलं. "यात माफी जरा कमी वाटतेय."

"तेवढीच आहे."

सासूबाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं. वाटलं, पहिली ओळ खोडतात की दुसरी. त्यांनी खाली सही केली. पूर्ण नावाने, कौशल्या भीमराव मेश्राम, आणि म्हणाल्या, "घ्या. आता ज्याले उपाय सांगाचा असन, त्यानं आधी पोराचा श्वास मोजाव."