तेहतीस गोपद्मांची थाळी

मी थाळी बोलतेय. पितळेची, दीड फूट रुंद, काठ अगदी नावापुरता. देवाच्या वस्तूने राग धरू नये म्हणतात. पण माझ्या पोटात भोक पाडलं गेलंय, तेव्हा तेवढा राग मला माफ असावा.

कल्याणच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून सपाट केलं. मीराबाईंनी तीन दुकानं पालथी घालून मला उचललं, बोटाच्या पेराने टकटक केलं, कानाशी धरलं आणि म्हणाल्या, "हिचा आवाज बरा आहे." त्या वर्षी त्यांनी गोपद्मांचं व्रत धरलं होतं. आषाढी एकादशी ते कार्तिकी, रोज देवापुढे रांगोळीने तेहतीस गोपद्मं काढायची, म्हणजे गाईची पावलं. सलग पाच वर्षं, मग उद्यापन. कोपरीत तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठून आणायचं? तर मीच त्यांचं अंगण झाले. संकल्प माझ्यावर हात ठेवून सोडला.

चार चातुर्मास सरळ गेले. तसे सरळ तरी कुठले, चौथ्या वर्षी बाईंचा उजवा हात थरथरायला लागला. तरी एक दिवस चुकला नाही. कार्तिकी झाली की त्या मला चिंचेने घासत, जुन्या पातळात गुंडाळत आणि माळ्यावर ठेवत. आठ महिने माझा विसावा.

त्या विसाव्याला रसिकाने अडगळ समजलं.

रसिका म्हणजे बाईंची सून, केतनची बायको. शिकली पदार्थविज्ञान, पाय घोटवले कथकमध्ये, हातात व्हायोलिन, आणि करते काय, तर सिनेमे. त्यात हिरो नाही, भांडण नाही, लग्न नाही. शास्त्र, गाणं, नाच, चित्र सगळं एकत्र. शेजारच्या दगडाबाई, कोपरी गावठाणातल्या जुन्या कोळीण, एकदा तोंडावरच म्हणाल्या, "बाय, ह्याला तिकीट काढून कोन येतं गो?"

चैत्रात तिने मला माळ्यावरून काढलं. कोणाला विचारलं नाही. डोंबिवलीला मानपाड्याच्या एका गाळ्यात नेलं आणि तिथल्या मशीनवर माझ्या बरोबर मध्यात भोक पाडून घेतलं. मग त्यातून स्क्रू घालून मला एका दांड्यावर बसवलं, अंगावर रांगोळी भुरभुरली आणि माझ्या काठावर व्हायोलिनचा गज ओढला.

मी किंचाळले. निदान मला तरी तसं वाटलं. पण रांगोळी उठली, धावली आणि जागच्या जागी बसली. आठ पाकळ्यांचं फूल! गज जरा वेगळा ओढला की वेगळं फूल. ऐश्वर्या नावाची नाचणारी मुलगी ते फूल बघून तसंच पावलांनी जमिनीवर काढायची. रसिका कॅमेऱ्यामागून पुटपुटायची, "आवाजाला आकार असतो. दिसला ना?"

दिसला. नाही कशाला म्हणू? पण म्हणून माझा राग गेला नाही.

आषाढी आठ दिवसांवर आली, बाईंनी माळ्यावर हात घातला, आणि पातळ रिकामं निघालं. संध्याकाळी रसिकाने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. बाई भोकाकडे बघत राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"आई, मला वाटलं वापरात नाही. वर पडून होती."

"पडून होती? मीही दुपारची पडून असते. मलाही भोक पाड."

"चुकलं माझं. पण एकच शॉट राहिलाय. ऐश्वर्याला एकादशीनंतरच वेळ आहे. तेवढं झालं की..."

"खंडित वस्तू देवापुढे चालत नाही. पाचवं वर्ष गेलं माझं."

केतन मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. दगडाबाई म्हणाल्या, "मीरावैनी, नवी घे ना. नायतर डाख दे हिला." बाई नव्या थाळीला कबूल होईनात. संकल्प हिच्यावर सोडलाय, म्हणाल्या. डाखाचं, म्हणजे धातू वितळवून भोक सांधायचं ऐकून मात्र जरा थांबल्या. त्यांच्या आजेसासूबाईंची डाख दिलेली घागर वीस वर्षं देवाचं पाणी भरत होती. पण हे त्या रसिकाला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या.

मग सहा दिवस घरात फक्त भांडी बोलली. चहाचा कप टेबलावर आपटायचा, त्यावरून कोणाचा राग किती ते मला कळायचं.

एकादशीच्या आदल्या दिवशी रसिका मला घेऊन कल्याणला त्याच तांबटाकडे गेली. तो म्हणाला, "भोक बुजवतो. पण हिचा आवाज पहिल्यासारखा राहणार नाही."

तिने मला कानाशी धरलं, पेराने टकटक केलं. अगदी बाईंसारखं.

"बुजवा."

एकादशीला बाई माझ्यापुढे बसल्या. डाखावरून बोट फिरवलं. चिमटीत रांगोळी घेतली, आणि हात असा थरथरला की पहिलं पाऊल फिसकटलं.

"आई, हात धरू?"

"लांब हो. व्रत माझं आहे."

दाराशी दगडाबाई. "काय गो वैनी, तुझी गाय नाचते का?"

कोणी हसलं नाही. रसिका मात्र गुडघ्यांवर आली, माझ्याजवळ वाकली आणि बघत राहिली. रेघ वाकडी नव्हती. तिला बारीक, सारख्या लाटा होत्या.

"काय बघतेस? वाकडी आहे, माहितेय मला."

"वाकडी नाही, आई. तुमच्या हाताला लय आहे. सेकंदाला पाच."

"मोजत बसलीस?"

"सवय आहे."

बाईंनी दुसरं पाऊल काढलं. तिसरं. सातव्यानंतर थांबल्या.

"तुझा तो शॉट राहिलाय ना? आण कॅमेरा. तोंड घ्यायचं नाही माझं, फक्त हात. मधे बोलायचं नाही."

"हो."

"आणि माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

उरलेली सव्वीस पावलं कॅमेऱ्यापुढे उमटली. सगळी नाचरी.

आता माझा चातुर्मास चालू आहे. आवाज बोदा झालाय. गज ओढला तर फूल उठणार नाही, आणि त्याची हळहळ वाटते हे मी बाईंना कधी सांगणार नाही. सकाळी गोपद्मांखाली डाख झाकला जातो, रांगोळी पुसली की पुन्हा दिसतो. राग माझाही तसाच आहे. पण रोज थोडा वेळ झाकला जातो, हे काय कमी आहे?

कार्तिकीला उद्यापन होईल, मी परत माळ्यावर जाईन. तुमच्याही घरी कोणी अशी वर गुंडाळून ठेवलेली असेल. तिला काढायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक हाक मारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढं शिडीवर उभे राहा.