न विचारता घातलेली नक्षी

घर म्हटलं की त्यात एक जुनी वस्तू असते आणि तिच्यावरून कुरबुर असते. तुमच्याकडे मोडकी खुर्ची असेल, शेजारी गंजकी ट्रंक असेल. या घरात गोधडी होती.

गोधडी सासूबाईंची, चाळीस वर्षांपूर्वी हाताने शिवलेली. रंग उडालेले, कडा विरलेल्या, टाके कुठे बारीक तर कुठे हातभर लांब. सूनबाईंना ती डोळ्यांत खुपायची.

"आई, पाहुणे आले की निदान घडी घालून आत ठेवत जा हो."

"का गं? पाहुणे माझ्या खाटेवर निजणार आहेत का?"

दोघींचं हे रोजचंच. टोमणे मारतील, पण एकमेकींच्या गोळ्यांची वेळ चुकू देणार नाहीत.

सासूबाईंची नजर दोन वर्षांत जवळजवळ गेली होती. दुपारचं जेवण झालं की त्या गोधडी मांडीवर घेत आणि तिच्यावरून बोटं फिरवत बसत. सुनेला वाटे, म्हातारपणाचा चाळा.

सूनबाईंचा हात शिवणात बसलेला. त्यांनी नवं मशीन घेतलं होतं. त्यात नक्षीचे साठ टाके होते. चकती फिरवली की वेल, फिरवली की चांदण्या, फिरवली की लाटा. उशांचे अभ्रे झाले, पडदे झाले. मग नजर गोधडीवर गेली. सासूबाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागणार होतं आणि त्या आठ दिवस भावाकडे गेल्या होत्या. याहून चांगली संधी कोणती?

"आईला विचारलंस का?" नवऱ्याने एकदा म्हटलं.

"विचारलं तर नकोच म्हणतील. आल्या की बघतील आणि खूश होतील."

तोही गप्प बसला. गप्प बसणं सोपं असतं.

सूनबाईंनी चार दिवस खपून जुना दोरा उसवला. खाली नवं अस्तर लावलं. प्रत्येक तुकड्यावर वेगळी नक्षी, कडेने दाट पानांची वेल. एका तुकड्यावरचा खिसा आड येत होता, तोही काढून टाकला. गोधडी अशी झाली की बघणाऱ्याने विचारावं, कुठल्या दुकानातून आणली?

सासूबाई आल्या. सूनबाईंनी गोधडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हात फिरवला.

"वा! छान आहे गं. कुणाची आहे?"

"आई, तुमचीच की!"

हात थांबला. मग भराभरा फिरू लागला. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मधे, पुन्हा कोपऱ्यात. बोटं नक्षीच्या उंचवट्यांना अडखळत होती.

"इथे खिसा होता ना? कुठे गेली ती?"

"कोण, आई?"

"माझी थोरली!"

नवऱ्याला एक थोरली बहीण होती, ती सहाव्या वर्षी तापाने गेली, एवढंच सूनबाईंना ठाऊक होतं. तेव्हा तो चार वर्षांचा. घरात पुढे कुणी तिचं नाव काढलं नाही, आईला त्रास नको म्हणून. आता सासूबाईंनीच तुटक तुटक सांगितलं, तिचे फ्रॉक कापून ही गोधडी शिवली होती. निळ्या फ्रॉकवर बारीक टाके, शाळेच्या फ्रॉकवर लांब, खिशाच्या पिवळ्या फ्रॉकवर जोडीजोडीने. नजर गेल्यावरही बोटांना कळायचं, कुठला फ्रॉक, कुठला दिवस. म्हातारपणाचा चाळा कसला? आई दुपारी लेकीला भेटत होती!

दुसऱ्या दिवशी सकाळीच सूनबाई गोधडी घेऊन मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेल्या. काकांनी ती उलटी करून उजेडात धरली.

"काका, ही नक्षी उसवता येईल का?"

"नाही पोरी. नक्षीच्या टाक्यात सुई त्याच जागी पुढे-मागे, पुढे-मागे जाते. नव्या कापडाला सोसतं, त्यालाही खाली कागद लावावा लागतो. हे जुनं कापड. त्याची चाळण झालीय. उसवलंस तर टाक्या-टाक्याला फाटेल."

"मी चांगल्यासाठीच केलं हो."

"चांगल्यासाठीच करतात सगळे. माझ्या मुलाने माझी खोली रंगवली, सामान नव्याने लावलं. आता अंधारात मला दार सापडत नाही." काका हसले नाहीत. "माणूस थकलं की आपण त्याच्यासाठी ठरवायला लागतो. लहान मुलालासुद्धा विचारतो, निळा सदरा की लाल? म्हाताऱ्याला कोण विचारतं?"

सूनबाई घरी आल्या. खाटेच्या कडेला बसल्या आणि खरं ते सांगितलं.

"आई, आता ती पहिल्यासारखी होणार नाही. चुकले मी. तुम्हाला विचारायला हवं होतं."

सासूबाईंनी चाचपडत सुनेचा हात धरला.

"तू मायेनं केलंस गं. म्हणून तर धड रागावताही येत नाही."

सूनबाईंना रडू फुटलं. मग त्यांनी ते विचारलं, जे त्या घरात चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"आई, कशी होती ती?"

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. हात सवयीने गोधडीकडे गेला, माघारी आला.

"थांब हं. बोटांना सगळं पाठ होतं. तोंडाला सवय नाही." आणि मग हळूहळू, "डावरी होती. डाव्या हाताने जेवायची. मी रागवायची, तर पाठीमागे हात लपवायची."

दारात उभा असलेला मुलगाही डावराच; तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. आपल्याला बहिणीचं काही मिळालंय, हे त्याला आज कळलं.

मंडळी, ती गोधडी काही परत आली नाही. त्या घरात आता दुपारी तिघं बसतात आणि आई आठवेल तेवढं सांगते. काही दिवस काहीच आठवत नाही. आपल्या घरातल्या थकल्या माणसावर आपण माया करतो, यात शंका नाही. पण माया म्हणजे परवानगी नव्हे. त्याच्या वस्तूला हात लावण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा. उत्तर "नको" आलं, तर ते "नको" का आहे, तेही विचारा. तेवढासा प्रश्न कुणी विचारला नाही, म्हणून एका आईची लेक दुसऱ्यांदा गेली.