टोल पडला अन् लोकसभा पळाली

मित्रांनो, तुम्ही मला शाळेचा टोल म्हणता. खरं तर मी आगगाडीच्या रुळाचा दोन हात लांबीचा एक जुना तुकडा. कुर्डुवाडीकडं पूर्वी अरुंद रुळांवरून एक छोटी गाडी जायची. इतकी सावकाश, की माणसं उतरून बोरं वेचून परत त्याच डब्यात चढायची. ती लाईन उखडली तेव्हा मला कापलं. परंड्याकडल्या एका हायस्कूलच्या गुरुजींनी मला एसटीत घालून आणलं आणि कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं. जन्मभर गाड्या माझ्या अंगावरून गेल्या. गाडीत बसायचा मान तेवढा एकदाच.

शाळेत मला लिंबाला टांगलं. एक टोल म्हणजे तास बदलला. दोन म्हणजे मधली सुट्टी. अन् घणाघणा, थांबायचं नाव न घेता वाजलो, की घर! गावातल्या बाया माझ्या आवाजावर तव्यात भाकरी टाकायच्या. मग विजेची बेल आली आणि माझ्यावर कावळे बसू लागले. लाईट गेली की शिपाई बलभीममामा मला बडवायचे. लाईट रोज जायची, म्हणून माझी नोकरी टिकली.

यंदा हेडसरांनी शाळेत संसद भरवली. दहावीचे चोपन्न जण लोकसभा, नववीचे पंचवीस जण राज्यसभा. जोशात येऊन सरांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "दोन्ही सभागृहं मिळून जे पास करतील, ते मी शाळेत करणार."

सरांना वाटलं, पोरं झाडं लावायचा ठराव करतील.

नववीची भुवनेश्वरी मात्र दुसऱ्याच दिवशी विधेयक घेऊन उभी राहिली. शाळेत मुलींच्या संडासाची खोली होती, पण तिला कुलूप. ते काढा, एवढीच मागणी. आत मोडकी बाकं आणि दहावीच्या पोरांचं क्रिकेटचं किट. मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. भुवनेश्वरीची मैत्रीण हर्षाली मधल्या सुट्टीत पार मळ्यात घरी जायची आणि पाचवा तास रोज बुडवायची. तिच्या आईनं सांगून टाकलं होतं, "दिवाळीपस्तोर काय झालं तर बरं. न्हाय तर शाळा बंद." दिवाळीला उरले होते तीन आठवडे.

राज्यसभेत विधेयक एकमतानं पास झालं. नववीच्या पोरांना त्या किटला हात लावू देत नसत, त्याचा राग कामी आला.

लोकसभेचा अध्यक्ष होता रणधीर. शाळेच्या टीमचा कॅप्टनही तोच. त्यानं विधेयक वाचलं, संसदेच्या नियमांचं पुस्तक उघडलं आणि म्हणाला, "कडी लागंल, बादली लागंल. म्हंजी पैसा लागंल. हे धन विधेयक हाय, अन् ते राज्यसभेत सुरूच करता येत न्हाय. परत न्या!"

"कुणी ठरवलं हे धन विधेयक हाय म्हणून?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"अध्यक्षांनी. अन् अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो. पान उघडून बघ."

तिनं पान उघडलं. खरंच होतं. त्या दिवसापासून रणधीरला चेव चढला. राज्यसभेनं खडू मागितला, धन विधेयक. खिडकी उघडा म्हटलं, धन विधेयक, बिजागरी झिजते!

चार दिवसांनी भुवनेश्वरी परत आली. कडी घरची, बादली हर्षालीच्या आईची, झाडलोट मुली करणार. "आता ह्यात एक रुपाया दाखव," ती म्हणाली. रणधीरला दाखवता येईना. मग लोकसभेनं विधेयक सरळ फेटाळलं. एक सभागृह हो म्हणतं, दुसरं नाही म्हणतं. पुस्तकात ह्यावर उपाय होता संयुक्त बैठक. तिथंही खुर्चीत लोकसभेचाच अध्यक्ष आणि मतं डोक्यामागं एक.

भुवनेश्वरीनं बोटांवर हिशेब केला. आपले पंचवीस, दहावीच्या नऊ मुली आपल्या. चौतीस. पलीकडं पंचेचाळीस.

"हरणार गं आपण," हर्षाली म्हणाली.

"हरू. पण मोजल्याबिगर न्हाय. आबाळ कोसळू दे, मतं मोजेपस्तोर एकानं बी बूड हालवायचं न्हाय. सगळ्यांना सांग."

बैठकीच्या दिवशी लाईट गेलेली. दुपारचे अडीच वाजले असतील. वाद संपला आणि रणधीरनं पुस्तकात बोट घातलं, "मतदानाच्या आधी साडेतीन मिनिटं घंटी वाजवायची. मामा, टोल द्या!"

बलभीममामा दचकले. "आरं बाबा, येवढा लांब टोल दिला तर..."

"मामा, नियम म्हंजी नियम. अध्यक्षांचा हुकूम हाय."

मामांनी हातोडा उचलला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला असं कुणी वाजवलं नव्हतं. मीही जीव तोडून वाजलो. घण घण घण घण! पाचवीपासूनची सवय ती. लोकसभेच्या पोरांनी दप्तरं उचलली आणि 'सुट्टीऽऽ' करून सगळी धूम पळाली. पाचवी ते आठवीही त्यांच्यामागं. स्टँडवर जाऊन बघतात तर ना एसटी, ना वडापची जीप, आणि ऊन डोक्यावर.

आत चौतीस जण बाकाला घट्ट धरून बसलेले. एकाचाही पाय हलला नाही. भुवनेश्वरीनं हर्षालीचा हात इतका आवळला होता, की बोटं पांढरी पडली.

"ही बैठक धरायची न्हाय!" रणधीर ओरडला. "टोलामुळं घोटाळा झाला."

"टोल कुणाच्या हुकमानं दिला?" भुवनेश्वरीनं विचारलं. "अन् एकूण एकोणऐंशी. दहावा हिस्सा हजर असला की सभा चालते. आमी चौतीस हाव. मत घ्या, अध्यक्ष महाराज."

रणधीरनं हेडसरांकडं बघितलं. हेडसर गालातल्या गालात हसत म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोस? निर्णय तुझा. अंतिम असतो म्हणं."

पोरगं हट्टी होतं, पण लबाड नव्हतं. कपाळाचा घाम पुसून त्यानं हात मोजले. बाजूनं चौतीस, विरोधात एकही नाही. "पास," तो पुटपुटला. मग उठून त्यानं खिशातली कुलपाची किल्ली काढली आणि किट स्वतःच्या खांद्यावर बाहेर आणलं.

पाचव्या तासाला आता हर्षाली वर्गात असते. माझी दखल कुणी घेतली नाही. कावळे परत आले. पण मित्रांनो, मला पुसायला येऊ नका. त्या खोलीत पाणी आहे का, ते बघा. ठराव एकदाच पास होतो, पाणी रोज भरावं लागतं. पाळ्या लावल्यात, दोन्ही सभागृहांच्या. आज अध्यक्ष महाराजांची आहे, अन् मधल्या सुट्टीला दहाच मिनिटं उरलीत. घागर घेऊन निघालेत का, तेवढं जरा बघून या.