दुसरा उंचवटा

भाचीच्या दंडावर कापसाचा बोळा दाबून धरीत आत्या दवाखान्याच्या भिंतीवरच्या आलेखाकडे पाहत राहिली. भूमापन कचेरीत नकाशे रेखण्यात तिची चोवीस वर्षे गेली होती. रेषा दिसली की डोळा तिच्या मागोमाग जायचाच. ही रेषा विशीत उंच चढली होती, तिशीत उतरली होती, आणि पंचेचाळिशीच्या आसपास पुन्हा किंचित वर आली होती.

“आत्या, सोड आता. सुईपेक्षा तुझं दाबणंच जास्त दुखतंय.”

भाची चौदा वर्षांची. जिभेला हाड नाही म्हणून घरात तिला टिटवीच म्हणत.

“डॉक्टरीणबाई, ही रेषा पुन्हा वर का जाते हो?” आत्याने विचारले.

“कोणत्या वयात किती बायकांना शरीरसंबंधातून पसरणाऱ्या या विषाणूची लागण आढळते, त्याची आहे ती. तरुणपणी सर्वांत जास्त. पुढे बहुतेकींची आपोआप जाते. टिकून राहिली तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची भीती, म्हणून तर या वयात मुलींना लस. तो दुसरा उंचवटा मात्र सगळीकडे दिसत नाही. कोणी म्हणतं, दबलेली लागण डोकं वर काढते. कोणी म्हणतं, नवा जोडीदार येतो.”

“या वयात?”

“का? वयाला काय झालं?”

आत्याने बोळा टोपलीत टाकला. ‘मीच नेते तिला’ असे भावजयीला तिने सांगितले होते, ते एक गोष्ट विचारण्यासाठीच. पुढच्या महिन्यात तिला सेहेचाळीस पूर्ण होणार होती. मग विचारण्यात अर्थ उरला नसता.

“मला घेता येईल ही लस?”

टिटवीचे तोंड उघडे राहिले.

“पंचेचाळीसपर्यंत देतो, पण विचारपूस करून. मुलींना होतो तितका फायदा या वयात होत नाही. यजमान?”

“जाऊन नऊ वर्षं झाली.”

“मग कशासाठी घेताय, ते मला कळायला हवं.”

स्वरात कठोरपणा नव्हता. लेखणी तेवढी थांबली होती. आत्याने टेबलाच्या कडेवरून नख फिरवले, सीमारेषा आखावी तसे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“पुन्हा लग्न करायचं आहे,” ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतले. “लस घेतली तरी तपासणी चुकवू नका,” एवढेच म्हणून त्यांनी सुई भरली.

जिन्यात येईपर्यंत टिटवीने कसाबसा दम धरला.

“अगं, भलतीच पोहोचलेली निघालीस! कोण ते?”

“आमचे मोजणीदार. दर गुरुवारी मोजणीवही घेऊन येतात.”

“ते छत्री विसरणारे?”

“तुला कसं ठाऊक?”

“दर गुरुवारी तूच सांगतेस. जेवताना.”

आत्या दोन पायऱ्या उतरली. दंड ठणकू लागला होता. तिने तो दुसऱ्या हाताने हलकेच धरला.

“मग बाबांशी कोण बोलणार? तू की ते?”

“त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.”

टिटवी जागीच थांबली. मग तिने हातातले आत्याचे लसीचे कार्ड उलटसुलट पाहिले.

“पुढची सुई दोन महिन्यांनी आहे.”

“तोवर विचारतील.”

“आणि नाही विचारलं तर?”

आत्याने कार्ड तिच्या हातून घेतले आणि कोपरे जुळवून नीट घडी घातली.

“तिसरी सहा महिन्यांनी आहे.”