लीलाबाईंच्या मशीनमधला पाचोळा

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी मध्येच "पण बाई, चूक तर तुमचीच" म्हणायचं काम नाही.

सडक अर्जुनीला माझं श्रवणयंत्रांचं केंद्र आहे. श्रवणयंत्र हा शब्द फक्त बोर्डावर. येणारे सगळे कानाची मशीन म्हणतात, मीही तेच म्हणते. सतरा वर्षं झाली. लोकांना वाटतं, मशीन कानात घातली की झालं. तसं नसतं हो. ती कॉम्प्युटरला जोडून प्रत्येकाच्या कानाप्रमाणे जुळवावी लागते. कुठला आवाज वाढवायचा, कुठला दाबायचा. पंखा, मिक्सर, कोहमाऱ्याच्या चौकातले ट्रकचे हॉर्न, यांनी लोक वैतागतात. म्हणून 'गोंगाट कमी' ही पट्टी मी सगळ्यांचीच सरसकट शेवटपर्यंत ओढून द्यायची. कोणाची तक्रार नव्हती. मला वाटायचं, चंदा, तुझ्यासारखी तूच.

मार्चमधल्या एका सोमवारी लीलाबाई आल्या. नवेगावच्या जंगलाकडच्या. सोबत नवरा, धनीरामभाऊ, वनमजूर. जानेवारीच्या शिबिरात मीच त्यांना मशीन बसवून दिली होती. लीलाबाईंनी ती कानातून काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसल्या. झालेलं सगळं धनीरामभाऊंनी सांगितलं. पहाटे मोहफुलं वेचताना अस्वल दहा हातांवर आलं होतं. जाऊ देवकाबाई हिनं धावत येऊन दंडाला धरून ओढलं म्हणून लीलाबाई वाचल्या. देवकाबाईला पाला वाजलेला लांबूनच ऐकू आला होता. लीलाबाईंच्या कानात मशीन असून काही नाही.

मी मशीन त्यांच्या कानात परत घातली आणि विचारलं, काय काय ऐकू येतं?

"कोकीळ आयकू येते. देवका बोलते ते आयकू येते. पाला नाई आयकू येत, बाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मोहाच्या झाडाखालची जागा झाडून साफ करतात, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून. त्या साफ जागेच्या चहूकडे वाळला पाचोळा असतो आणि खरी राखण तोच करतो. जनावराचा पाय पडला की वाजतो. माझ्या मशीननं त्यालाच गोंगाट समजून दाबलं होतं. मशीनला कुठली आली अक्कल? मी सांगितलं ते तिनं केलं. वरून जानेवारीत मीच ऐटीत म्हटलं होतं, लीलाबाई, आता तुम्हाला सगळं ऐकू येईल. गेल्या साली त्या देवकाबाईला चिकटून वेचत होत्या. यंदा माझ्या शब्दावर लांब गेल्या.

धनीरामभाऊंनी ठरवलं होतं, बायकोला आता रानात पाठवायचं नाही. लीलाबाईंचं वेगळंच ठरलं होतं. तीन मोह त्यांच्या सासूपासून त्यांचे, गावाला माहीत. फुलं पडायचे दिवस फार तर पंधरा उरलेले. त्या उठल्या आणि मशीन पुन्हा टेबलावर ठेवली.

"शुक्रवारी येईन. झाली तं झाली. शनिवारी मी रानात जाईन, मशीन राहो का नको राहो."

त्या गेल्यावर मी डोक्याला हात लावून बसले. कारण माझा जुना लॅपटॉप फेब्रुवारीतच मेला होता. पुण्याचा भाचा हिमांशू यानं त्याचं मॅकबुक मला दिलं होतं. बॅटरी दिवसभर चालते, शिबिरांना बरं पडेल म्हणून मीही खुशीत घेतलं. पण त्याची चिप आर्मची, मोबाईलच्या जातीची. आणि मशीन जुळवायचं सॉफ्टवेअर विंडोजचं, तेही इंटेलच्या चिपसाठी लिहिलेलं. कंपनीचा माणूस म्हणाला, मशीन नागपूरला पाठवा, पंधरा दिवस लागतील. सेवा केंद्रवाल्याला त्याचा लॅपटॉप मागितला तर म्हणे मार्च एंड आहे. शाळेत परीक्षा. आणि मशीन एकदा जुळवून भागत नाही, तीनदा-चारदा बसावं लागतं. दर खेपेला कोणाच्या दारात उभी राहू मी?

हिमांशूनं फोनवर सांगितलं, मावशी, आहे त्यातच व्हर्च्युअल मशीन कर. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर. त्यात विंडोज पाहुणा म्हणून राहतो. बरं म्हटलं. तसला फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला. विंडोज होतं गोंदियाच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये. आमच्याकडे कोणाचाही कॉम्प्युटर आजारी पडला की तेच विंडोज टाकतात. संध्याकाळपर्यंत मी बंद-चालू करत बसले आणि पडदा काळाच राहिला.

हिमांशू हसला. ते विंडोज इंटेलचं, मावशी. आर्मच्या घरात पाहुणाही आर्मचाच लागतो. इंटेलचा आणायचा तर मध्ये दुभाष्या बसवावा लागेल, आणि सगळं हळू चालेल. मी म्हटलं, बसव. ग्रामसभेत नाही का, गोंडीतलं एकेक वाक्य मराठीत करून सांगतात, तसं. मंगळवारी विंडोज उठायला पाऊण तास लागला. एक बटण दाबायचं, चहा ठेवायचा, गाळायचा, प्यायचा, तेव्हा कुठं पट्टी हलायची. लॅपटॉप आणि कानाची मशीन यांच्यामध्ये एक छोटा डबा जोडावा लागतो. त्या डब्यानं वाट पाहून पाहून कनेक्शनच तोडलं. चारदा केलं, चारदा तोडलं. त्या दिवशी मी ज्याच्या-त्याच्या अंगावर खेकसत होते, दूधवाल्याच्यासुद्धा.

बुधवारी आर्मचंच विंडोज उतरवून घेतलं. मोबाईलच्या नेटवर सहा तास लागले. पण चाललं कसं, अगदी सुर्रकन! आणि त्यात इंटेलचं सॉफ्टवेअरही उघडलं. त्या विंडोजजवळ प्रोग्रामांसाठी स्वतःचा चलाख दुभाष्या असतो म्हणे. मी टाळी वाजवली. मग डबा जोडला, तर डब्याचा ड्रायव्हर बसेना. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला डब्याशी बोलायला शिकवणारा तुकडा. दुभाष्या प्रोग्रामांपुरताच, ड्रायव्हरला चालत नाही. तो आर्मचाच हवा, आणि या डब्यासाठी तो कोणी बनवलेलाच नाही. हिमांशू म्हणाला, मावशी, सोड आता, दुसरा लॅपटॉप घे.

"हिमांशू, ती बहिरी होती ती होती. पण अस्वलाच्या पुढ्यात तिला मी धाडली आहे. सोड म्हणू नको मला."

 मग पोरगा हळूच म्हणाला, जुना डबा नाही का तुझ्याकडे, यूएसबीच्या आधीचा?

होता. मी धंदा सुरू केला तेव्हाचा, मागं नऊ टाचण्यांचं जाड सॉकेट असलेला. भंगारात द्यायचा म्हणून माळ्यावर टाकला होता. त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागत नाही, सॉफ्टवेअर त्या सॉकेटमधून थेट बोलतं. फक्त जाड सॉकेटला यूएसबी करणारी एक केबल हवी, आणि तिचा ड्रायव्हर आर्मसाठी मिळायला हवा. आता ही केबल आमच्या तालुक्यात कोणाकडे असणार? गुरुवारी सकाळी दात घासताना एकदम डोक्यात आलं, धर्मकाटा! ट्रक तोलतात तिथं काट्याचा आकडा कॉम्प्युटरवर येतो तो अशाच वायरीतून.

स्कूटी काढली आणि कोहमाऱ्याला गेले. काट्यावर भूपेंद्र बसतो, त्याच्या वडिलांना मशीन मीच दिलेली. बाहेर तांदळाच्या ट्रकांची रांग. केबल एकच, तीही लागलेली. मी अस्वलाची गोष्ट सांगितली. त्यानं केबलवरचं नाव वाचून दाखवलं, मी ते हिमांशूला कळवलं, आणि दोन मिनिटांत उत्तर आलं, हिचा आर्मचा ड्रायव्हर मिळतो. भूपेंद्रनं केबल उपसून माझ्या हातात दिली.

"ले जाओ ताई. कल तक मैं हाथ से लिख लूँगा। बस, मौसी को सुनाई देना चाहिए।"

घरी येऊन जोडली. तरी काही नाही. अर्ध्या तासानं उमगलं की केबल यजमानानंच, मॅकनंच, धरून ठेवली होती. ती पाहुण्याला द्या, असं व्हर्च्युअल मशीनमध्ये सांगावं लागतं. सांगितलं. डब्याचा दिवा हिरवा झाला आणि पडद्यावर आलं: लीलाबाई, उजवा कान. मला रडू आलं. खरंच रडले मी, बावन्न वर्षांची बाई, एका दिव्यासाठी.

शुक्रवारी दुपारी दोघं आले. मी गोंगाटाची पट्टी पार शून्यावर आणली, बारीक आवाज वाढवले आणि लीलाबाईंना केंद्रामागच्या सागवानाखाली नेलं. तिथं घोट्याएवढा पाचोळा. त्यांना पाठमोरी बसवलं, पाला वाजला की हात वर करा म्हटलं, आणि पंधरा पावलांवरून चालत आले. त्यांना कळलं नाही. आत नेऊन पुन्हा वायर जोडली, बारीक आवाज आणखी वाढवले. या खेपेला वीस पावलांवर हात वर झाला. मी म्हटलं, आता पंखा, भांडी, सगळं कानावर आदळेल बघा. त्या म्हणाल्या, आदळू द्या.

धनीरामभाऊ तोवर भिंतीला टेकून बघत होते. त्यांचं समाधान नव्हतं. म्याडम, तुमी चपलीनं धाडधाड चालता, अस्वल तसं येत नाई, म्हणाले. त्यांनी चप्पल काढली आणि कुंपणापर्यंत लांब गेले. जंगलात जन्म गेलेला माणूस. निघाले ते मला तरी ऐकू आले नाहीत. चार पावलं झाली असतील नसतील, लीलाबाईंचा हात वर गेला. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. धनीरामभाऊ थांबले, मग पुन्हा चालू लागले. लीलाबाई कान देऊन ऐकत होत्या.

"तुमचा डावा पाय घासून राहिला," त्या म्हणाल्या. "कवापासून?"

धनीरामभाऊ जागच्या जागी उभे राहिले. सोमवारी आणि आज मी त्यांना येता-जाता बघितलं होतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं. दोन वर्सं झाले, ते जमिनीकडे बघत म्हणाले. वणवा विझवताना दगडावरून पडले होते. कामावरून काढतील म्हणून सरळ चालायचे, कोणी पाहत असलं की जास्तच सरळ.

लीलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं ते पुसले, मशीन कानात नीट दाबून बसवली आणि उठल्या.

"मंग उद्या तुमी घरी राहा, पायाले तेल लावा. रानात मी अन् देवका जातो."

धनीरामभाऊंनी चप्पल घातली. मी दोन सेल जास्तीचे दिले ते लीलाबाईंनी कमरेला खोचले. मग दोघं बसस्टँडकडे निघाले. रस्ताभर त्या त्यांच्या पावलाकडे कान ठेवून सावकाश चालत होत्या.