मास्तर बघतायत

“चहा उकळून झाला, पिऊन झाला, कपसुद्धा विसळून झाला. आणि हा नकाशा अजून दारातच उभा. आत या म्हटल्याशिवाय येणार नाही म्हणे.”

शालवाली हे मला सांगत नव्हती, स्क्रीनला सांगत होती. पण तिची खुर्ची माझ्या खुर्चीला इतकी खेटून आहे की तिनं मनातल्या मनात शिवी दिली तरी मला ऐकू येते. तिला बारा महिने थंडी वाजते, म्हणून शाल आणि म्हणून हे नाव.

“ताई, या इंटरनेटचं काहीतरी करा हो,” पलीकडून घाईकर ओरडला. त्याचं खरं आडनाव वेगळंच आहे, पण जेवणसुद्धा उभ्यानं उरकणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? “नाहीतर हे सगळे नकाशे पाठीला बांधतो आणि वरच्या ऑफिसला पळत नेऊन देतो. मी आधी पोचेन, बघा.”

“हळू बोल,” शालवाली म्हणाली. “मास्तर बघतायत.”

आम्ही तिघांनीही खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं मास्तरांची खुर्ची होती, टेबलावर त्यांच्या पेन्सिली होत्या, आणि ते बसल्यावर त्यांचं डोकं जिथं यायचं बरोबर तिथं, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या चवडीवर, एक छोटा कॅमेरा होता.

आमचं ऑफिस जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढतं. पिण्याचं पाणी कुठून जातं, सांडपाणी कुठून, कोण वर, कोण खाली. खणणारी माणसं तो नकाशा हातात धरून खणतात. मी इथं टायपिंगला लागले होते. इंटरनेटचं काम गळ्यात पडलं, कारण ते बघणारा माणूस सोडून गेला आणि कुठली वायर कुठं जाते हे फक्त मलाच माहीत होतं. पाय अडकून दोनदा पडले होते मी. शिकवायला कुणी नव्हतं. मी चुकत शिकले आणि ऑफिस बंद पडत शिकलं.

नकाशा काढायला मात्र सगळ्यांना मास्तरांनी शिकवलं. ओरडायचे नाहीत. कागद उजेडाला धरायचे, थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, “रेघ हलली.” बस. माणूस निमूट परत जाऊन सगळं पहिल्यापासून काढायचा. त्यांनी पाहिल्याशिवाय एकही नकाशा बाहेर जात नसे. कोपऱ्यात ‘मा’ लिहिलेला असला की खणणारे डोळे मिटून कुदळ घालायचे.

मग ते शब्द विसरायला लागले. आधी अवघड शब्द, मग सोपे. एकदा जिन्यात उभे राहून त्यांनी मला विचारलं, “वर जायचं होतं की खाली?” मी हसून म्हटलं, वर. तेही हसले. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

साहेबांनी, म्हणजे आमच्या शाखेच्या साहेबांनी, त्यांना घरून काम करायची परवानगी मिळवून दिली. कॅमेरा मास्तरांनीच मागितला होता. “घरात करमत नाही गं. तुमची बडबड तरी दिसू दे.” मी त्यांच्या घरापासून टनेल टाकून दिलं. टनेल म्हणजे काही खोदायचं नसतं. इंटरनेटच्या उघड्या रस्त्यावरून आपली एक झाकलेली वाट काढायची, जिच्यातून आपलाच माल जातो आणि बाहेरच्याला दिसत नाही. आमच्याकडचं सगळं अशाच वाटेनं आधी वरच्या ऑफिसला, म्हणजे मुख्य कचेरीला जातं आणि तिथून पुढं. नियमच तसा. शेजारच्या दुकानाचा फोन नंबर शोधायचा तरी वरच्या ऑफिसला वळसा. मास्तरांच्या घरी जाणारं आमचं चित्रही तसंच जायचं, दिवसभर, अखंड.

आणि दुसरा नियम असा की जो टनेलमध्ये, तो हजर. वाटेत काही वेळ हालचाल झाली नाही की ती आपोआप मिटते आणि माणूस गैरहजर लागतो. गैरहजेरी साठत गेली की पटावरून नाव जातं. नाव गेलं की औषधपाणी ऑफिसकडून मिळायचं बंद. कॅमेऱ्याचं चित्र वाहत होतं म्हणून मास्तरांची वाट मिटत नव्हती. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. पण झाल्यावर कुणी मोडलंही नाही.

सकाळी आल्यावर प्रत्येक जण कॅमेऱ्याला म्हणायचा, “मास्तर, आलो हो.” नकाशा झाला की तो कॅमेऱ्यासमोर धरायचा. सुरुवातीला छोट्या स्पीकरमधून आवाज यायचा, “रेघ हलली.” मग आवाज वहिनींचा यायला लागला, म्हणजे त्यांच्या बायकोचा: “ठीक आहे म्हणतायत.” मग, “मान हलवली हो त्यांनी.” मग काहीच येईना. आम्ही नकाशा धरायचो, एखादा श्वास थांबायचो आणि कोपऱ्यात ‘मा’ लिहायचो.

हे बरोबर नाही, असं कुणी म्हटलं नाही. म्हणायचं कुठं? मास्तर बघत होते.

---

इंटरनेटचा उपाय मला सापडला तेव्हा मी मनातून फुशारले होते, खोटं कशाला बोलू. सगळंच टनेलमधून कशाला? फक्त नकाशे तिथून जाऊ देत, बाकी सगळं सरळ बाहेरच्या रस्त्यानं. वळसा संपला, गर्दी संपली. मी दोन वाटांचं चित्र काढून वरच्या ऑफिसला पाठवलं. तिथल्या तांत्रिक साहेबांनी चक्क कौतुक केलं. फक्त एक अट घातली. टनेलच्या आत कोण राहणार ते नावानिशी सांगा, आणि आत राहणारा प्रत्येक जण काय पाठवतो तेही.

मी मोजणी लावली. शालवाली पाठवत होती, घाईकर पाठवत होता, साहेबसुद्धा अधूनमधून काहीबाही पाठवत होते. मास्तरांच्या घरून काहीच येत नव्हतं. जात होतं भरपूर, आमची तोंडं, आमच्या पाठी, आमचा चहा. येत होता फक्त चित्र पोचल्याचा ठोका. त्या बाजूला कीबोर्डला कुणी बोट लावलं नव्हतं.

मी स्क्रीन मिटवून टाकली.

“काय झालं?” शालवालीनं विचारलं.

“काही नाही. मास्तरांचा मोडेम बघून येते. जरा कुरकुरतोय.”

“आपला नाही का कुरकुरत?”

“त्यांचा आधी.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शाल घट्ट ओढून घेतली. तिला कळलं होतं. मला कळलं होतं की तिला कळलंय. घाईकर तर पटकन पाणी प्यायला गेला, तहान नसताना.

---

वहिनींनी दार उघडलं. हात पिठाचे होते. “या, या. तुम्ही येणार ते माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “मोडेम म्हणालात ना मघाशी.”

कॅमेऱ्याला कानही आहेत, हे आम्ही कधीच विसरून गेलो होतो.

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, शर्टाची बटणं बरोबर लावलेली. समोर भिंत होती. स्क्रीन त्यांच्यासमोर नव्हती. ती स्वयंपाकाच्या ओट्यावर होती, पिठाच्या डब्याला टेकवलेली, आणि तिच्यात शालवाली जांभई देत होती.

“त्यांचे डोळे दिपतात उजेडानं,” वहिनी घाईनं म्हणाल्या. “म्हणून इकडं वळवली. तात्पुरती.”

“बरं केलंत.”

“त्या बाईच्या मागची खिडकी कुणीतरी लावा हो. केव्हाची कुडकुडते आहे. आणि तुमच्या त्या घाईकरांना सांगा, उभ्यानं खाऊ नये, पोट बिघडतं.” त्या पोळी लाटत राहिल्या. डोळे स्क्रीनवर. “मला आवाज लागतो घरात. एवढंच.”

मी मास्तरांच्या पुढ्यात जाऊन वाकले. “मास्तर, मी आले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार सभ्यपणे पाहिलं, दाराशी आलेल्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं. “बसा ना,” म्हणाले. “आपलं कुणाकडे काम आहे?”

मागे लाटण्याचा आवाज थांबला.

“मोडेमचं,” मी म्हटलं.

“हां हां. मग त्या बाईंना विचारा,” ते म्हणाले आणि वहिनींकडे बोट दाखवलं. “त्या फार चांगल्या आहेत. माझं सगळं बघतात.”

वहिनींनी लाटणं पुन्हा उचललं. पोळी पोळपाटाबाहेर गेली तरी त्या लाटतच होत्या.

मी मोडेम बंद केला, पुन्हा चालू केला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. “आता नीट चालेल,” मी म्हटलं.

“चालेल ना?” वहिनी म्हणाल्या.

“चालेल.”

दारात त्यांनी माझा हात धरला. पीठ माझ्या मनगटाला लागलं. मग त्या म्हणाल्या, “चहासुद्धा घेतला नाहीत,” आणि मी म्हटलं, “पुढच्या वेळी नक्की.”

ऑफिसात परतले तेव्हा कुणी काही विचारलं नाही. मी शालवालीच्या मागची खिडकी लावली. ती म्हणाली, “आज काय सुबुद्धी?” मी म्हटलं, “वरून हुकूम आला.”

---

वरच्या ऑफिसचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे साहेबांच्या टेबलाभोवती जमलो होतो. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. टेबल खिडकीजवळच्या खुर्चीला लागूनच आहे. कॅमेरा आमच्याकडे बघत होता.

तांत्रिक साहेब आधी गोड बोलले. मग म्हणाले, “एक घरून जोडलेले आहेत. ते नेमकं काय करतात? माझ्याकडच्या मोजणीत ते काहीच पाठवताना दिसत नाहीत.”

“ते तपासतात,” आमचे साहेब म्हणाले. “ज्येष्ठ आहेत. सगळे नकाशे त्यांच्या नजरेखालून जातात.”

“असं? मग बरं झालं विचारलं.” फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला. “शाळेमागच्या गल्लीचा नकाशा. पिण्याचा नळ आणि सांडपाण्याचा नळ एकाच खोलीवर दाखवलेत, एकमेकांना छेदून. खणणाऱ्या मुकादमाला शंका आली म्हणून त्यानं काम थांबवलं. नाहीतर त्या शाळेतल्या मुलांनी काय प्यायलं असतं, विचार करा. कोपऱ्यात ‘मा’ आहे. म्हणजे हे तेच ना?”

घाईकरानं टेबलाची कड धरली. तो नकाशा त्यानं काढला होता. मला आठवत होतं, त्यानं तो कॅमेऱ्यासमोर धरला होता, एक श्वाससुद्धा पुरता न थांबता.

“त्यांनी हा पाहिला होता का? हो किंवा नाही, एवढंच हवंय,” फोनमधला आवाज म्हणाला. “पाहिला असेल तर चूक त्यांची, चौकशी त्यांची. पाहिला नसेल, तर ते काय करतात हे मला कुणीतरी सांगा.”

हो म्हटलं तर मास्तरांचं नाव खराब. नाही म्हटलं तर मास्तरांचं नावच नाही. साहेब घाम पुसत राहिले. शालवाली आपल्या शालीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. मी मोडेमच्या दिव्यांकडे बघत होते. हिरवे, शहाणे दिवे. सगळं वाहत होतं.

“हॅलो? आहात ना?”

“आहोत,” साहेब म्हणाले. “म्हणजे... तसं पाहिलं तर... त्यांनी पाहिला...”

“नाही पाहिला.”

आवाज फोनमधून आला नव्हता. तो मास्तरांच्या टेबलावरून आला होता, पुठ्ठ्याच्या खोक्यांमागच्या छोट्या स्पीकरमधून. आम्ही सगळे वळलो.

“कोण बोलतंय?” फोननं विचारलं.

“मी त्यांची बायको. ऐकू येतंय ना नीट? ताई, येतंय ना?”

“येतंय, वहिनी.” मी कॅमेऱ्याकडे सरकले. “वहिनी, थांबा. एकदा बोललात की...”

“ठाऊक आहे मला. दिवसभर तुमचंच तर ऐकते. टनेल मिटलं की काय होतं, तेसुद्धा.” मागे कुठंतरी नळ टपटपत होता. “नाव काढायचं तर काढा. पण ही चूक त्यांच्या माथ्यावर घालू नका. जन्मभर त्यांची रेघ हलली नाही कधी.”

घाईकरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“हा नकाशा त्यांनी पाहिला नाही. त्याच्या आधीचाही नाही, त्याच्याही आधीचा नाही. तुम्ही सगळे रोज येऊन सांगता, मास्तर, आलो हो. फार बरं वाटतं ऐकून. पण त्यांना तुम्ही कोण ते कळत नाही. मी कोण तेही कळत नाही.” मग सावकाश, एकेक शब्द ओट्यावर ठेवल्यासारखा, त्या म्हणाल्या, “मास्तर बघत नाहीत हो. केव्हाचे बघत नाहीत. मी बघते.”